मालकाशी संपर्क साधा

दाजींच्या संगणकानं मला पहिल्यांदा परवानगी नाकारली तेव्हा मी हसलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या प्रकरणात हसायची पाळी बाकीच्यांची आली, आणि त्यानंतर तर कुणाचीच आली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, स्मिताअक्काचे यजमान, वासुदेवराव. राजाजीनगरात अक्काचं घर आणि त्याच्या मागच्या गल्लीत माझं. आम्ही मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण जुंपलं की जे आधी तोंडात येईल ते. दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाची तयारी सुरू झाली आणि एका दुपारी अक्का मला म्हणाली, "अरू, शेवटी शेवटी हे त्या खोलीत दार लोटून बसायचे बघ. काहीतरी रेकॉर्ड करून संगणकात ठेवायचे. मला ते ऐकायचंय. श्राद्धाच्या आत ह्यांचा आवाज एकदा कानावर पडला तर बरं वाटेल."

मी म्हणालो, "एवढंच ना?"

माझी पुढची सगळी बेअब्रू या दोन शब्दांवर उभी आहे. पण माझा आत्मविश्वास अगदीच पोकळ नव्हता. आमच्या बँकेच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा त्याचं खोकं मी फोडलं होतं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत संगणक बंद पडला की सगळी शाखा माझ्याकडे बघायची. दुरुस्त करायला माणूस बाहेरून यायचा ही गोष्ट वेगळी, पण बघायची माझ्याकडे. माझी बायको कस्तुरी म्हणाली, "शंतनूला सांगा की." शंतनू आमचा मुलगा. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि दिवसभर संगणकाशीच झटत असतो. पण त्याला काही विचारलं की तो म्हणतो, "बाबा, तुम्ही नेमकं काय दाबलंत?" त्या 'नेमकं'मध्ये जो सूर असतो तो बापाला ऐकवत नाही.

दाजींचा संगणक टेबलाखाली बसवलेला, जुना, दाजी गेल्यावरही कुणी बंद न केलेला आणि सतत धापा टाकणारा. त्यावर खाती दोन, वासुदेव आणि स्मिता. दाजींचा पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला होता. म्हणून मी अक्काच्या खात्यातून आत शिरलो आणि दाजींचं फोल्डर शोधलं. फायली ओळीनं दिसल्या. एकीवर टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली. पाटी इंग्रजीत होती, पण तिचा भावार्थ असा, की ही फाइल उघडण्याची आपल्याला परवानगी नाही, कृपया मालकाशी संपर्क साधा. खाली मालकाचं नाव होतं, वासुदेव.

तेव्हा मी हसलो. अक्का हसली नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "कसा साधायचा?"

मी दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवर श्रीविद्या नावाची मुलगी होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ओनर बरबेकु सार." मालकानं स्वतः यायला पाहिजे. मी म्हटलं, मालक येऊ शकत नाहीत. तर म्हणाली, मग त्यांच्या सहीचं पत्र आणा. मी म्हटलं, बाई, मालक वारले. ती जराही विचलित झाली नाही. "सरी, ठीक. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं पत्र. आणि सार, अर्ज भरताना ओनरच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो सांगावा लागतो." वारलेल्या माणसानं ओटीपी सांगायचा कसा, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो सिस्टिमचा प्रश्न आहे. मी रागारागानं दाजींचा नंबर सांगितला आणि जमलं तर विचारा म्हणून निघून आलो.

घरी आलो तर अक्का दारातच उभी. दाजींचा फोन ती अजून रोज चार्ज करते, हे मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मघाशी ह्यांचा फोन वाजला. कोण आठवण काढलं कुणास ठाऊक." मी ओटीपी बघितला. त्याची मुदत संपली होती.

या प्रसंगी शेजारचे शिवकुमार पुढे सरसावले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. बेळगावात नोकरी काढल्यामुळे मराठी बोलतात, आणि बोलायला लागले की फोन ठेवत नाहीत. ते म्हणाले, "अरविंद सार, स्वल्प ऐका. हे मशीन जुनं. उद्या बसलं तर सगळंच गेलं. नवीन लॅपटॉप घ्या आणि फायली तिकडे न्या. पण कुलूप फोडू नका. जसंच्या तसं न्या, परमिशनसकट. उघडायचं मग बघू."

सल्ला मला आवडला, कारण त्यात आज काही उघडावं लागत नव्हतं. अक्कासाठी लॅपटॉप आणला. दाजींनी एक व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती. रोज दिवेलागणीला हा संगणक त्यांच्या जुन्या लॅपटॉपशी आपलं आपण बोलायचा आणि दोघं आपापल्याकडचं नवंजुनं एकमेकांना देऊन टाकायचे, कुलपांसकट. तो जुना लॅपटॉप दाजींच्या आधीच निकामी झाला होता. पण संगणकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो रोज संध्याकाळी हाक मारत होता, उत्तर येत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारत होता. पडद्यावर मी ते सगळं वाचलं. मग मी युक्ती केली. नव्या लॅपटॉपला जुन्याचंच नाव दिलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही.

आता लॅपटॉपवर खाती उघडायची. पहिलं खातं मी स्मिता या नावानं उघडलं. त्या घराच्या दारावरच्या पाटीपासून गॅसच्या कार्डापर्यंत सगळीकडे आधी वासुदेव आणि मग स्मिता. एकदा तरी बाईमाणसाला पुढं करावं असं मला वाटलं, आणि वाटलेलं मी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "ह्यांचंही नाव घाल की."

"अक्का, दाजी आता…"

"वर्ष झालंय का अजून? नाही ना? मग घाल."

वर्षाच्या आत माणसाला घरातून पुसत नाहीत हे मलाही मान्य आहे. मी दुसरं खातं वासुदेव या नावानं उघडलं. मेलेल्या माणसासाठी पासवर्ड ठरवताना हात जरा थबकतो, एवढं मात्र खरं.

त्या दिवशी दिवेलागणीला संगणकानं हाक मारली आणि या वेळी उत्तर आलं. दोन्हीकडचे दिवे लुकलुकले आणि फायली सुखरूप पोचल्या. मी सगळ्यांना जमवलं, लॅपटॉपवर दाजींच्या खात्यात शिरलो, दाजींची फाइल उघडायला गेलो. पाटी आली. परवानगी नाही. म्हणजे दाजींच्याच नावानं दाजींच्याच फायली उघडायला बंदी. मी खालची ओळ वाचायच्या भानगडीत न पडता लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "प्रगती आहे."

कस्तुरी म्हणाली, "कुणाची?"

त्यानंतर मी दोन-चार दिवस तिकडे फिरकलो नाही. मग एका संध्याकाळी सहज म्हणून दाजींच्या खोलीत गेलो, धापा टाकणाऱ्या संगणकाचा पडदा सुरू केला आणि फोल्डर उघडलं. तळाला एक फाइल होती जी आधी नव्हती. मालक वासुदेव. तारीख आजची.

मी चष्मा पुसला. फाइल तिथंच. मी कस्तुरीला बोलावलं. ती मला वेड्यात काढायच्या तयारीनं आली, वाकून बघितलं, आणि पदर खांद्यावरून घेऊन उभी राहिली. मी फाइलवर टिचकी मारली. परवानगी नाही. मालकाशी संपर्क साधा. ते वाक्य या वेळी मला अगदी निराळं वाचता आलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. तिसऱ्या दिवशीही. मालक वासुदेव.

अशात दाजींच्या आत्या भागुबाई श्राद्धासाठी निपाणीहून आल्या. वय झालंय, पण ऐकू सगळं येतं. त्यांनी हकीकत ऐकली आणि विचारलं, "कौल लावला काय?" आमच्याकडे मोठं काम काढायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हुकूम मिळाला, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, देव्हारा पलीकडच्या खोलीत आहे. म्हातारी म्हणाली, "देवाला कशाला इचारू? फायली काय देवाच्या हायत? ज्याच्या हायत त्येला इचारायचं." आणि जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्यांनी संगणकाच्या पडद्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या.

मी पंखा बंद केला. काम करायचंच तर ते पद्धतशीर व्हावं. शिवाय एक मुद्दा उपस्थित केला, की उजवी म्हणजे कुणाची उजवी, आपली की पडद्याची?

"त्येची," भागुबाई म्हणाल्या. "त्यो तिकडनं बघालाय, आपण हिकडनं."

शिवकुमार चहा पीत होते. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

"वासू," भागुबाई पडद्याला म्हणाल्या, "उघडू देतोस काय? राग आला असला तर तसं सांग बाबा."

आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत राहिलो. बाहेर भाजीवाल्याची हाक लांब गेली. खोलीत संगणकाची धाप तेवढी ऐकू येत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्याच्या उजव्या अंगाची पाकळी सावकाश घसरली आणि टेबलावर पडली. त्याच सुमारास खालचा दिवा लुकलुकला. दिवेलागणीची वेळ होती हे मला नंतर आठवलं. फोल्डरच्या तळाला नवी ओळ उमटली. वासुदेव. आज.

शिवकुमार "येतो हं सार" म्हणाले आणि चपला हातात घेऊन गेले. मी मात्र धीर करून पुढं झालो. हुकूम मिळाला होता, साक्षीदार होते. टिचकी मारली. परवानगी नाही.

मी भागुबाईंकडे बघितलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "हुकूम दिलाय त्येनं. तुला न्हाई दिला."

हे मला लागलं. चारचौघांत, बायकोसमोर, एका वारलेल्या माणसानं मला नापास करावं, आणि निकाल जास्वंदीनं सांगावा. मी घरी जाऊन जेवलो नाही. कस्तुरीनं आग्रहही केला नाही, कारण तिलाही जेवण जात नव्हतं. शिवकुमारांचे सल्ले चालूच राहिले, पण आता फाटकाबाहेरून. संगणकाची वायर काढा, म्हणाले. मी वायरला हात लावला आणि सोडून दिली. काढली आणि तरीही फाइल आली तर काय करायचं, हा विचार मला त्या वेळी अगदी सरळ वाटत होता.

पण खरी भीती मला फायलींची वाटत नव्हती. ती अक्काची वाटत होती. कारण घरात ती एकटीच घाबरत नव्हती. रोज दिवेलागणीनंतर ती पदराला हात पुसत खोलीच्या दारात यायची आणि दुधाची पिशवी आली का असं विचारावं तसं विचारायची, "आलं का आज?" आलं म्हटलं की मान हलवून परत जायची. नवरा गेल्यावर बाईमाणसाचं मन कुठं कुठं जातं हे मी ऐकून होतो. माझ्या बहिणीचं मन हातातून निसटत चाललंय आणि त्याला कारण मी जोडलेलं यंत्र आहे, या विचारानं माझी झोप उडाली. शेवटी मी मान खाली घालून शंतनूला फोन केला.

तो रविवारी आला. दोन्ही यंत्रं दाजींच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. थोडा वेळ टकटक केली आणि मागं वळला. "बाबा, तुम्ही नेमकं…" एवढं म्हणून त्यानं माझा चेहरा बघितला आणि वाक्य गिळलं. पोरगं तसं चांगलं आहे.

"हे बघा," तो म्हणाला, "कम्प्युटरला नावं कळत नाहीत. नंबर कळतात. पहिलं अकाउंट ज्याचं, त्याला पहिला नंबर. पुढच्याला दुसरा. फाइलवर खरं तर मालकाचा नंबरच लिहिलेला असतो, नाव फक्त आपल्याला दाखवायला. या जुन्यावर काका पहिले, आत्या दुसरी. नव्यावर तुम्ही आत्याला पहिलं केलंत आणि काकांना दुसरं. आणि फायली नंबरासकट इकडून तिकडे जातात."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे दाजींच्या फायली नव्या लॅपटॉपवर पोचताच अक्काच्या झाल्या. म्हणूनच दाजींच्या खात्यालाच बंदी होती. आणि नव्या लॅपटॉपवर अक्का जे काही ठेवील, ते या संगणकावर येताना दाजींच्या नावानं येणार.

"म्हणजे रोज संध्याकाळी…" मी म्हणालो.

सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. ती खिडकीपाशी उभी होती. "मला पहिल्याच दिवशी उघडल्या," ती म्हणाली. "तुम्ही सगळे गेल्यावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त करायला बसला असतास."

शंतनूनं विचारलं, "आत्या, काय आहे त्यात?"

"मीच आहे," अक्का म्हणाली. "ह्यांचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून वर्षभर जीव टांगून बसले, आणि त्यात मीच. भांडी लावताना, कामवालीशी हुज्जत घालताना, अरूशी फोनवर बोलताना. खिशात मोबाइल चालू ठेवून हे माझ्यामागनं फिरत होते की काय कोण जाणे. मला पत्ता लागू दिला नाही." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बसला. "ह्यांचं म्हणाल तर, मी काही विचारते आणि हे म्हणतात, हं. एवढंच. सगळ्या फायलींत मिळून फक्त हं."

"आणि तू रोज काय ठेवतेस तिथं?"

"दिवसभराचं सांगते. कोण आलं, भाजी काय केली. मधे मधे थांबते."

"थांबतेस कशाला?"

"मग ह्यांनी हं कधी म्हणायचं?"

कस्तुरी उठून स्वयंपाकघरात गेली. मी पडद्याकडे बघत राहिलो. शंतनू हळू आवाजात म्हणाला, "आत्या, दोन मिनिटांचं काम आहे. नंबर बदलतो. त्यांच्या त्यांच्या नावावर, तुझ्या तुझ्या. तरी तुला ऐकता येईल, तेवढी परवानगी देऊन ठेवतो."

"नको," अक्का म्हणाली. "इतकी वर्षं सगळं ह्यांच्या नावावर होतं, मी काही म्हटलं नाही. आता ह्यांचं माझ्या नावावर झालंय आणि माझं ह्यांच्या. राहू दे की तसंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला ऐकायचं तर ऐक एखादी. कालची ऐक. माझी परवानगी आहे."

तिनं लॅपटॉपवर आपला पासवर्ड घातला आणि शंतनूला घेऊन कॉफी करायला गेली. मी खोलीत एकटा राहिलो. खुर्ची ओढून बसलो आणि कालची फाइल लावली.

अक्काचाच आवाज होता, आमच्याशी बोलते त्याहून खालच्या पट्टीतला. "आज दोडका केला होता. तुम्हाला आवडत नाही म्हणून तुम्ही असताना करत नव्हते." ती थांबली. काही सेकंद नुसती शांतता, पलीकडे कुकरची शिटी. "भागूआत्यांचं तेच चाललंय. गुडघे दुखतात म्हणतात, पण बसत नाहीत." पुन्हा थांबली. शांतता. मला त्या थांबण्यानं फार वाईट वाटलं, फाइल बंद करावी असं वाटलं. मग ती म्हणाली, "अरू रोज येऊन तुमच्या खोलीत खाटखुट करतोय. त्याला वाटतंय, तुम्हीच पाठवताय. झोप उडालीय बिचाऱ्याची. उद्या शंतनू येतोय. सांगून टाकू का सगळं?"

ती थांबली.

"हं."

लॅपटॉपमधून आला की खोलीतून आला, ते मला सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात अक्का आणि शंतनू बोलत होते, कपांचा आवाज येत होता. लॅपटॉपवर अक्काचं बोलणं पुढं सुरू झालं होतं, "बरं, मग सांगते," असं काहीतरी ती म्हणत होती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी बसलो होतो ती खुर्ची दाजींची होती, आणि ते घरात असताना त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. मी उठून उभा राहिलो.